ज्याच्यासाठी पैसे मोजले, त्यालाच विचारा

बिहारच्या समाजकल्याण विभागाने २०१७ मध्ये मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेकडे एक काम सोपवले. सरकारी पैशावर चालणारी राज्यातली बालगृहे, अल्पावास गृहे, वृद्धाश्रम अशा ११० संस्थांचे सामाजिक अंकेक्षण करायचे होते. संस्थेच्या ‘कोशिश’ प्रकल्पातले कार्यकर्ते काही महिने बिहारभर फिरले आणि २०१८ च्या उन्हाळ्याच्या तोंडावर त्यांचा अहवाल सरकारच्या हाती पडला. सतरा संस्थांबद्दल त्यात अतिशय गंभीर निरीक्षणे होती. मुझफ्फरपूरच्या बालिका गृहाबद्दल लिहिले होते, की मुलींना मोकळी जागा म्हणून मिळत नाही, त्यांना खोल्यांत कोंडून ठेवतात, रात्रीच्या जेवणापुरते बाहेर काढतात आणि त्यांच्यावर लैंगिक अत्याचार होत असल्याच्या तक्रारी आहेत. ३१ मे २०१८ रोजी गुन्हा नोंदला गेला. वैद्यकीय तपासणीत ३४ मुलींवर अत्याचार झाल्याचे निष्पन्न झाले, राज्याच्या समाजकल्याण मंत्र्यांना राजीनामा द्यावा लागला, खटला सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीला हलवला आणि जानेवारी २०२० मध्ये तिथल्या न्यायालयाने संस्थाचालकासह १९ जणांना दोषी ठरवले. दोषींमध्ये संस्थेचे कर्मचारी होते, तसेच मुलींच्या रक्षणासाठी कायद्याने नेमलेल्या बालकल्याण समितीतले पदाधिकारी आणि जिल्हा बालसंरक्षण कार्यालयातले अधिकारीही होते.

बाल न्याय अधिनियमाच्या कलम ५४ नुसार बालगृहाची दर तीन महिन्यांनी किमान एकदा तपासणी झाली पाहिजे. पथकात किमान तीन जण हवेत, त्यांत एक स्त्री आणि एक वैद्यकीय अधिकारी हवा. म्हणजे तरतूद नव्हती, असे म्हणायला जागा नाही. अनुदान चालू होते, त्यामुळे खर्चाची कागदपत्रेही वर जातच असणार. ‘कोशिश’च्या पथकाने वेगळे काय केले? ते कर्मचाऱ्यांना बाजूला ठेवून मुलींशी बोलायला बसले. आधीच्या भेटींतून आणि कागदांतून जे बाहेर आले नव्हते, ते या बोलण्यातून आले. माझे सगळे म्हणणे याच गोष्टीभोवती आहे. सरकार जेव्हा उपचाराची, निवाऱ्याची, सांभाळाची सेवा दुसऱ्याकडून विकत घेते, तेव्हा ती सेवा खरोखर मिळाली का, याचा पुरावा सेवा देणाऱ्याच्या फायलीत शोधून भागत नाही. ज्याच्यासाठी पैसे मोजले त्याला तिऱ्हाईताने, सेवा देणाऱ्याच्या नजरेआड विचारले पाहिजे आणि त्याने सांगितलेल्या गोष्टींचा परिणाम पुढच्या हप्त्यावर, पुढच्या करारावर झाला पाहिजे. आपली बहुतेक तपासणी यंत्रणा हा एवढाच प्रश्न वगळून उभी आहे.

महाराष्ट्रात हा प्रश्न दरवर्षी मोठा होत चालला आहे, कारण सरकार स्वतः सेवा देण्याऐवजी ती विकत घेण्याकडे झुकले आहे. १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून कंत्राटावर चालते. सरकारी रुग्णालयांतली साफसफाई, सुरक्षा, कित्येक ठिकाणी रुग्णांचे जेवण, रक्ताच्या तपासण्या, हे सगळे बाहेरच्या यंत्रणांकडे गेले आहे. निराधार मुलांची आणि गतिमंदांची निवासी गृहे तर पूर्वीपासूनच मुख्यतः स्वयंसेवी संस्था अनुदानावर चालवतात. यात सर्वांत मोठी खरेदी उपचारांची आहे. जुलै २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झालेली राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना पुढच्या वर्षी राज्यभर पसरली, २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले, २०२० पासून ती केंद्राच्या आयुष्मान भारतशी जोडली गेली आणि २०२३ मध्ये राज्यातल्या प्रत्येक कुटुंबाला वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत संरक्षण देण्याचा निर्णय झाला. हृदयाची शस्त्रक्रिया, डायलिसिस, कर्करोगाचे उपचार हे ज्यांच्या आवाक्यातही नव्हते, अशा असंख्य घरांना या योजनेने आधार दिला आहे. सेवा विकत घेणे मुळातच वाईट, असे मी मानत नाही. सरकारच्या स्वतःच्या रुग्णालयांत काय घडू शकते, हे नांदेडच्या शासकीय रुग्णालयात ऑक्टोबर २०२३ च्या सुरुवातीला चोवीस तासांत २४ रुग्ण दगावले तेव्हा सगळ्या राज्याने पाहिले. माझा मुद्दा असा, की विकत घेणाऱ्याने आपण काय घेतो आहोत हे ओळखायला शिकले पाहिजे, आणि सरकार ते अजून शिकलेले नाही.

या योजनेतला एक कागद जवळून पाहण्यासारखा आहे. उपचार झाल्यावर अंगीकृत रुग्णालय पैशांसाठी दावा पाठवते. योजनेच्या मूळ कार्यपद्धतीत दाव्याला बिले, तपासण्यांचे अहवाल, केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, परतीच्या प्रवासखर्चाची पोच हे सगळे जोडायला सांगितले आहे, आणि त्यांच्याच सोबत रुग्णाचे समाधानपत्रही. रुग्णाचे मत विचारात घ्यावे, हा त्यामागचा हेतू चांगलाच म्हटला पाहिजे. पण हे पत्र कुठे, केव्हा आणि कोण घेतो? डिस्चार्जच्या वेळी, रुग्णालयातच, ज्यांना त्या पत्रावर पैसे मिळायचे आहेत त्यांचीच माणसे ते घेतात. टाके काढायला आठ दिवसांनी रुग्णाला त्याच डॉक्टरांकडे यायचे असते. गाडी करून घेऊन जायला आलेले नातेवाईक खाली थांबलेले असतात. योजनेत खाट, शस्त्रक्रिया, औषधे, तपासण्या, जेवण, परतीचे भाडे हे सगळे धरलेले आहे आणि रुग्णाच्या खिशातून काहीही जायला नको. तरीही ‘हे सामान योजनेत बसत नाही, बाहेरून आणा’ किंवा ‘आधी डिपॉझिट भरा, मंजुरी आली की परत करू’ ही वाक्ये ज्यांनी ऐकली आहेत, त्यांची संख्या किती, हे समाधानपत्रांच्या गठ्ठ्यांतून कधीही कळणार नाही. रुग्णालयात बसणारा आरोग्यमित्र मदतीला असतो आणि त्यांतले कितीतरी जण मनापासून मदत करतातही. पण तो स्वतः कंत्राटी, त्याची रोजची ऊठबस त्याच रुग्णालयाच्या काउंटरवर. तिथल्या व्यवस्थापनाविरुद्ध तक्रार लिहून घेण्याचे सगळे ओझे त्याच्या डोक्यावर टाकणे त्याच्यावरही अन्याय करणारे आहे.

आयुष्मान भारतच्या कामगिरीवरचा कॅगचा अहवाल ऑगस्ट २०२३ मध्ये संसदेत मांडला गेला, तेव्हा त्यातली एक गोष्ट फार गाजली. जवळजवळ साडेसात लाख लाभार्थींच्या नावापुढे एकच मोबाइल क्रमांक नोंदलेला होता, दहाही आकडे नऊ. सरकारने खुलासा केला, की लाभार्थीची ओळख मोबाइलवरून पटवली जात नाही, त्यामुळे एवढ्यावरून बनावट लाभार्थी होते असे ठरत नाही. हा खुलासा मला मान्य आहे. पण टीका करणारे आणि खुलासा करणारे दोघेही क्रमांकाकडे चोरी पकडण्याचे साधन म्हणूनच पाहत राहिले. रुग्णाचा फोन क्रमांक योजनेच्या दप्तरात असण्याचा पहिला उपयोग असा, की तो घरी गेल्यावर कोणीतरी त्याला फोन करून ‘बरे आहात का, पैसे किती गेले, औषधे मिळाली का’ असे विचारावे. साडेसात लाख नोंदींत हा क्रमांक खोटा निघतो, आणि त्या भरल्या जात असताना कोणाला तो खटकत नाही, याचा अर्थ त्या माणसांना फोन करायचा कोणाचा विचारच नव्हता. त्याच अहवालात आणखी एक नोंद आहे: आधीच्या उपचारात मरण पावल्याची नोंद असलेल्या ३,४४६ रुग्णांच्या नावावर पुढे ३,९०३ दाव्यांपोटी ६.९७ कोटी रुपये दिले गेले. अशा विसंगतींपैकी काहींना नोंदी उशिरा भरल्या गेल्यासारखी तांत्रिक कारणे असू शकतात, आणि ती असतील तर तपासायलाच हवीत. मात्र कॅगने तपासलेला काळ सप्टेंबर २०१८ ते मार्च २०२१ हा होता आणि अहवाल आला २०२३ मध्ये. ज्या घरातला माणूस गेला आहे, तिथे त्याच महिन्यात फोन गेला असता तर घरच्यांनी पहिल्याच वाक्यात सांगून टाकले असते.

‘हे सगळे आपल्याकडच्या ढिलाईचे दोष आहेत, शिस्तीच्या देशांत असे होत नाही’ असे कोणाला वाटत असेल, तर स्टॅफर्डचे प्रकरण वाचावे. इंग्लंडमध्ये सरकारी पैशाने सेवा खरेदी करणारी यंत्रणा वेगळी आणि ती देणारी रुग्णालये वेगळी, ही विभागणी १९९० च्या दशकापासून आहे. करार, निकष, लक्ष्ये, गुणांकन, नियामक संस्था, कशाचीही तिथे कमतरता नाही. स्टॅफर्ड रुग्णालयाने २००६-०७ मध्ये सुमारे एक कोटी पौंडांची बचत करायचे ठरवले आणि त्यासाठी कर्मचारी कमी केले. आपत्कालीन विभागात आलेल्या रुग्णाला चार तासांच्या आत मार्गी लावण्याचे लक्ष्य गाठायचे म्हणून सगळा जोर तिकडे लागला. वॉर्डांत रुग्ण घाण झालेल्या चादरींवर तासन्‌तास पडून राहत होते, पाण्याचा पेला हाताला लागेल असा ठेवलेला नसे, आपत्कालीन विभागात आलेल्यांतला कोण जास्त आजारी हे वैद्यकीय शिक्षण नसलेल्या स्वागतिका ठरवत होत्या. आणि याच रुग्णालय न्यासाला फेब्रुवारी २००८ मध्ये, आर्थिक शिस्त आणि कारभार चांगला म्हणून, अधिक स्वायत्ततेचा दर्जा देण्यात आला. कागद खोटे होते असेही नाही. कागदांवर जे मोजले जात होते ते बऱ्यापैकी खरे होते, फक्त त्यात रुग्ण कुठे नव्हता. प्रकरण उघड्यावर आणण्यात मोठा वाटा होता ज्युली बेली या बाईंचा. त्यांची आई २००७ मध्ये त्या रुग्णालयात वारली, आणि त्यांनी इतर रुग्णांच्या नातेवाइकांना जमवून चळवळ उभी केली. रॉबर्ट फ्रान्सिस यांच्या चौकशी आयोगाने फेब्रुवारी २०१३ मध्ये २९० शिफारशी केल्या. सेवा खरेदी करणाऱ्या स्थानिक यंत्रणेने दर्जाकडे कसे लक्ष दिले नाही आणि तक्रारींचे काय झाले, हे त्यांनी फार तपशिलात मांडले आहे. सामाजिक सांभाळाच्या क्षेत्रातही तसेच. ब्रिस्टलजवळच्या विंटरबोर्न व्ह्यू या खासगी रुग्णालयात बौद्धिक अक्षमता असलेल्या एकेका माणसासाठी सरकारी यंत्रणा आठवड्याला सरासरी ३,५०० पौंड भरत होत्या. तिथे त्यांना मारहाण होत होती, हे २०११ मध्ये बीबीसीच्या वार्ताहराने छुपा कॅमेरा नेला तेव्हा कळले. एवढे पैसे भरणाऱ्यांपैकी कोणी पुरेशा वेळा जाऊन त्या माणसाजवळ बसले असते, तर छुप्या कॅमेऱ्याची गरज पडली नसती.

म्हणजे गफलत तपासणीच्या आधी, खरेदीच्या टप्प्यावरच सुरू होते. निविदेत आपण मोजता येणारी वस्तू लिहितो: किती रुग्णवाहिका, किती खाटा, किती यंत्रे, किती माणसे. मग सर्वांत कमी दराच्या निविदेला काम देतो. रुग्णालयाच्या सफाईचे काम सर्वांत कमी दरात घेणारा ठेकेदार तो दर कशातून काढणार, हे सांगायला अर्थतज्ज्ञ लागत नाही. तो सफाई कामगाराच्या पगारातून किंवा माणसांच्या संख्येतून निघतो आणि शेवटी प्रसूतिगृहाच्या फरशीवर दिसतो. उपचारांचे दर ठरवतानाही तसेच. वर्षानुवर्षे न बदललेल्या पॅकेजमध्ये खर्च भागत नाही आणि मंजूर दाव्यांचे पैसे महिनोन्‌महिने अडकतात, ही खासगी रुग्णालयांची तक्रार जुनी आहे आणि तिच्यात तथ्य आहे. खरेदीदारच पैसे थकवत असेल, तर त्याला दर्जाबद्दल कडक बोलण्याचे तोंड उरत नाही. रुग्णालय रुग्णाकडून वरचे पैसे घेते, सरकारला ते अंधुक माहीत असते, आणि आपलीच देणी थकलेली असल्याने ते डोळेझाक करते. या न लिहिलेल्या तडजोडीत पिळवटला जातो तो रुग्ण. म्हणून रुग्णाला विचारायचे तर सरकारचीही झाडाझडती झाली पाहिजे: दावा किती दिवसांत निकाली निघाला, पैसे किती दिवसांत पोचले, दर शेवटचा केव्हा तपासला. माझ्या दृष्टीने हा त्याच तपासणीचा अर्धा भाग आहे.

लोकांना विचारून तपासणी करण्याची रीत महाराष्ट्राला परकी नाही. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ मध्ये नऊ राज्यांत लोकाधारित देखरेखीचा प्रयोग सुरू झाला. महाराष्ट्रात पुण्याच्या ‘साथी’ संस्थेच्या समन्वयाने तो आधी अमरावती, नंदुरबार, उस्मानाबाद (आताचे धाराशिव), पुणे आणि ठाणे या पाच जिल्ह्यांत राबवला गेला. गावातल्या बायाबापड्यांना एकत्र बसवून साधे प्रश्न विचारायचे: नर्सबाई गावात येतात का, लसीकरण ठरल्या दिवशी होते का, सरकारी दवाखान्यात पैसे मागतात का, औषध बाहेरून आणायला चिठ्ठी देतात का, बाळंतपणाला गेल्यावर काय झाले. उत्तरांवरून गावाचे प्रगतिपत्रक तयार होई, हिरव्या, पिवळ्या आणि लाल रंगांत, म्हणजे ज्याला वाचता येत नाही त्यालाही आपल्या दवाखान्याची स्थिती कळे. मग जनसुनवाई. वैद्यकीय अधिकारी, तालुक्याचे आणि जिल्ह्याचे अधिकारी समोर बसलेले आणि लोक उठून सांगताहेत. पुढच्या फेऱ्यांत कितीतरी गावांचे लाल रंग बदलत गेले. त्याच वर्षांत अभियानाचा पैसाही वाढला होता, त्यामुळे सगळे श्रेय या प्रक्रियेला देता येणार नाही. पण बेकायदा पैसे घेणे बंद होणे, बाहेरच्या चिठ्ठ्या थांबणे या गोष्टी केवळ निधी वाढल्याने होत नाहीत. मला यात एक विसंगती मोठी वाटते. ज्या सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्राला औषधाची खरेदी स्वतः करता येत नाही आणि डॉक्टरही नेमता येत नाही, त्याला गावासमोर उभे राहून उत्तर द्यावे लागले. सरकारकडूनच एकेका शस्त्रक्रियेला हजारो-लाखो रुपये घेणाऱ्या खासगी रुग्णालयाला मात्र तशी जनसुनवाई कधी बंधनकारक झाली नाही.

या सगळ्यावर पहिला आक्षेप डॉक्टरांकडून येतो, आणि तो वजनदार आहे. रुग्णाला वैद्यक कळत नाही. गोड बोलणाऱ्या डॉक्टरने चुकीची शस्त्रक्रिया केली तरी तो खूष असतो आणि रागीट डॉक्टरने जीव वाचवला तरी त्याची तक्रार असते. उपचार योग्य होता का, हे ठरवायला त्या विषयातले तज्ज्ञच लागतात, ती वैद्यकीय तपासणी वेगळी झाली पाहिजे, आणि गर्भाशय काढण्यासारख्या शस्त्रक्रियांबाबत तर ती फार कसोशीने झाली पाहिजे. बीड जिल्ह्यात ऊसतोडणी करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याचा प्रश्न २०१९ मध्ये विधिमंडळात पोचला, तो विसरता येणार नाही. पण तिथेही बायकांना विचारल्याशिवाय काय कळले असते? कागदावर निदान होते, संमतिपत्र होते, अंगठा होता. ‘तुम्हाला दुसरा इलाज सांगितला होता का’ या प्रश्नाचे उत्तर एकट्या बाईकडेच आहे. किती पैसे दिले, कशासाठी सांगून घेतले, किती वेळ थांबवले, शस्त्रक्रिया झाली की नुसतीच भरती दाखवली, कोणी अंगावर हात टाकला, या गोष्टी कळायला एमबीबीएस व्हावे लागत नाही. याच गोष्टी हिशेबाच्या कागदात कधी उमटत नाहीत.

दुसरा आक्षेप भीतीचा आहे. तालुक्यात एकच सुसज्ज रुग्णालय आहे, उद्या पुन्हा तिथेच जायचे आहे, मग खरे कोण सांगेल? हा आक्षेप खरा आहे आणि म्हणूनच विचारण्याची पद्धत महत्त्वाची. नावे उघड न करता, चिठ्ठ्या टाकल्यासारखी कोणाचीही निवड करून, घरी गेल्यानंतर तीन-चार आठवड्यांनी, जिल्ह्याबाहेरच्या माणसाने विचारायचे, आणि एकेकाचे उत्तर न सांगता रुग्णालयवार एकत्र निष्कर्ष जाहीर करायचे. पन्नास जणांपैकी वीस जणांनी पैसे दिल्याचे सांगितले, तर रुग्णालयाला कोणा एकावर राग काढता येत नाही. याच मोठ्या संख्येमुळे तिसऱ्या शंकेलाही उत्तर मिळते, की स्थानिक पुढारी खोट्या तक्रारी करवून डॉक्टरांना छळतील. ठरवून केलेली एक तक्रार सहज उभी करता येते, चिठ्ठीने निवडलेल्या पन्नास घरांतली उत्तरे फिरवणे अवघड. शिवाय निष्कर्ष छापण्याआधी रुग्णालयाला आपली बाजू मांडायला मुदत मिळाली पाहिजे आणि ती बाजू अहवालातच छापली पाहिजे. चांगले काम करणाऱ्या रुग्णालयांना याचा फायदाच होईल. आज त्यांना आणि रुग्णाला लुबाडणाऱ्यांना सरकार एकाच यादीत ठेवते.

रुग्णालये योजना सोडून जातील, असे आरोग्य खात्यातले लोक सांगतात. काही जातील. ज्यांचा धंदा रुग्णाकडून वरचे पैसे घेण्यावरच उभा आहे, ते गेल्याने रुग्णाचे नुकसान नाही. पण ज्या जिल्ह्यांत हृदयाची किंवा मेंदूची शस्त्रक्रिया करणारे एखादेच केंद्र आहे, तिथे हे सोपे नाही, हे मी मान्य करतो. गडचिरोलीच्या माणसाला ‘तुमचे रुग्णालय यादीतून काढले, आता नागपूरला जा’ असे सांगणे ही शिक्षा त्या माणसालाच होते. म्हणून यादीतून काढण्याखेरीज मधल्या पायऱ्या लागतील: घेतलेले पैसे रुग्णाच्या खात्यात परत, दाव्यातून तेवढी कपात, ठरावीक काळ बारीक देखरेख. आणि त्या जिल्ह्याचे सरकारी रुग्णालय सक्षम करणे, हा यातला लांबचा पण खरा उपाय आहे. पर्यायच नसलेला खरेदीदार कितीही तपासणी करो, त्याला कोणी जुमानत नाही.

खर्चाचे काय? रोजगार हमीच्या २००५ च्या केंद्रीय कायद्याने हा प्रश्न सोडवून दाखवला होता. त्याच्या कलम १७ मध्ये ग्रामसभेने सामाजिक अंकेक्षण करायचे म्हटले, २०११ मध्ये कॅगशी सल्लामसलत करून त्याचे नियम झाले, आणि राज्याराज्यांतल्या स्वतंत्र अंकेक्षण यंत्रणांसाठी योजनेच्या वार्षिक खर्चाच्या अर्ध्या टक्क्यापर्यंत निधी देण्याची सोय झाली. त्यातून शिकायचा धडा मात्र निराळा आहे. गैरव्यवहार सापडले, रकमा नोंदल्या गेल्या, पण वसुली फार थोडी झाली. कित्येक राज्यांत अंकेक्षण यंत्रणेचा निधी अडकला आणि काम थंडावले. ज्या खात्याचे दोष काढायचे त्याच्याच मर्जीवर पगार अवलंबून असेल, तर दुसरे काही होण्यासारखे नव्हते. मेघालयाने २०१७ मध्ये अनेक खात्यांच्या योजनांना लागू होणारा सामाजिक अंकेक्षणाचा स्वतंत्र कायदा केला, देशातला पहिला. महाराष्ट्राने माहितीच्या अधिकाराचा कायदा केंद्राच्या आधी केला होता. इथेही आरोग्य आणि समाजकल्याणाच्या खरेदीपुरता असा कायदा करून ही यंत्रणा आरोग्य खाते आणि महिला-बालविकास खाते यांच्या हाताखालून काढली पाहिजे, आणि तिचा अहवाल थेट विधिमंडळासमोर गेला पाहिजे.

सर्वांत अवघड प्रश्न अजून बाकी आहे. ज्याला बोलताच येत नाही, त्याला विचारायचे कसे? पनवेलजवळ कळंबोलीच्या गतिमंद मुलींच्या वसतिगृहात झालेल्या अत्याचारांबद्दल मुंबईच्या सत्र न्यायालयाने २०१३ मध्ये शिक्षा सुनावल्या. अशा मुली प्रश्नावली भरून देणार नाहीत. विस्मरणाचा आजार झालेले वृद्ध, अंथरुणाला खिळलेले मनोरुग्ण, दोन वर्षांची मुले यांचेही तेच. त्यांच्यापाशी फोन चालत नाही, तासाभराची भेटही चालत नाही. तिथे न कळवता जावे लागते, रात्रीही जावे लागते. दिवसभर बसून कोण कोणाला पाहून आखडते ते बघावे लागते, वजनाच्या नोंदी महिन्यामागून महिने ताडाव्या लागतात, तिथून बाहेर पडलेल्या मुलींना आणि नोकरी सोडून गेलेल्या आयांना शोधून बोलते करावे लागते, आणि खुणांची भाषा किंवा अशा मुलांशी संवाद साधण्याचे शिक्षण घेतलेली माणसे सोबत न्यावी लागतात. हे महागाचे, वेळखाऊ आणि मनाला थकवणारे काम आहे. म्हणूनच ते सरकारी अधिकाऱ्याच्या दौऱ्यात, दुपारच्या जेवणाआधीच्या दीड तासात उरकणारे नाही, आणि अंकेक्षणाच्या निधीतला मोठा वाटा रुग्णालयांपेक्षा आधी या गृहांकडे गेला पाहिजे.

यातल्या काही गोष्टींसाठी कायद्याची वाट पाहायची गरज नाही. समाधानपत्र दाव्याच्या कागदांतून काढून टाकता येईल, कारण त्याने खोटा दिलासा मिळण्यापलीकडे काही साधत नाही. भरतीच्या वेळी रुग्णाचा किंवा घरच्यांचा चालू फोन क्रमांक ओटीपी पाठवून पक्का करून घेता येईल, आणि तो नसेल तर तसे लिहिता येईल. कंत्राटे आणि त्यांतल्या अटी, दर, दंडाची कलमे खात्याच्या संकेतस्थळावर मराठीत टाकता येतील, माहितीच्या अधिकाराचे कलम ४ तसे सांगतेच. आणि करार किंवा अनुदान पुढे चालू ठेवण्याच्या प्रत्येक टिप्पणीत, लाभार्थींच्या उत्तरांचा अहवाल वाचला असून त्यातल्या गंभीर नोंदींवर काय केले, हे संबंधित अधिकाऱ्याने आपल्या नावानिशी लिहावे, असा एक शासन निर्णय काढता येईल. कोणत्या गृहाच्या, कोणत्या रुग्णालयाच्या अहवालावर लाल शेरा असताना कोणी सही केली, हे त्या फाइलवरून पुढे कोणालाही दाखवता येईल.